बानाबाईची पारख

मेंढराची पारख करावी तर बानाबाईनं. हे ती स्वतः म्हणायची असं नाही, तीही म्हणायचीच म्हणा, पण फर्दापूरच्या डोंगरकडेच्या सगळ्या वाड्यावस्त्या म्हणायच्या. शंभर मेंढरांचा कळप समोरून जाऊ द्या, बानाबाई दाताला मिसरी लावता लावता सांगणार, "ती काळ्या कानाची पोटातून आजारी हाय. अन् तो मागचा लंगडा नाय, नुसता अडेल हाय, हाणा त्याला." अन् ते खरं निघायचं.

एखादं मेंढरू चालता चालता बसलं अन् काही केल्या उठेना, की मेंढरं राखणारी पोरं तिला हाका मारत यायची. तिची रीत ठरलेली. विळ्याचं टोक आरावर तापवायचं अन् खुराच्या वरच्या बाजूला जरासं टेकवायचं. नाटकी असलं तर टुणकन उठून पळतं. नाही हललं, तर पायाची शीर मेली असं समजायचं. मग त्या मेंढराला कुणी हाणायचं नाही. खांद्यावर घालून घरी आणायचं, कोवळा पाला हातानं चारायचा, अन् बानाबाई अशा मेंढराशी पोटच्या लेकरासारखं बोलायची. मी मुद्दाम सांगतोय हे. पुढं लागणार आहे.

नवरा गेला, चराऊ रान कमी झालं, कळप विकला. लेक मुंजाबा वाळूजच्या एका कारखान्यात प्रेसवर लागला अन् बजाजनगरात पत्र्याची एक खोली घेऊन राहिला. त्याच्या मागं बानाबाई आली. बारा खोल्यांची लाईन, शेवटाला नळ, त्याच्या पलीकडं संडास. मेंढरू दिसायचं तर कसायाच्या दुकानातच. पारख करायला बाईसमोर एकच जीव उरला, तो म्हणजे सून.

सून कुणी परकी नव्हे. धाकट्या भावाची, कारभारीची लेक वच्छला. बानाबाईनंच मागून आणलेली. लग्नाआधी "आत्या, तू कवा आलीस?" म्हणून गळ्यात पडणारी पोर, लग्नानंतर रीतीप्रमाणं "आत्या, तुमी" म्हणू लागली. कामाला वाघीण. पहाटेच्या नळावर दोन हंडे डोक्यावर अन् एक कमरेवर. मनी झाली तेव्हा बाराव्या दिवशी उठून भाकरी थापत होती. बानाबाई लाईनभर सांगत सुटायची, "माझ्या भावाचं बियाणं हाय, हलकं निघंल व्हय?"

मनी दोन वर्षांची झाली अन् कुठं काय बिनसलं कुणास ठाऊक.

आधी वच्छलाच्या उजव्या डोळ्यापुढं धुकं आलं. तीन आठवडे राहिलं अन् आपोआप निवळलं. बानाबाई म्हणाली, "आंधळं होऊन परत डोळस झालेलं माणूस म्या तर बापजन्मी पाह्यलं नाय." मग मान खाली घातली की पाठीतनं वीज गेल्यासारखं व्हायचं. तांदूळ निवडता निवडता ती दचकून ताठ बसायची. मग हातातनं कपबशी सुटायला लागली. मग संडासाकडं पळायची पाळी, अशी की लाईनीतल्या बाया हसायच्या. अन् सगळ्यात वाईट म्हणजे तो थकवा. सकाळी चांगली उठायची, केर काढायची, अन् दहा वाजता भिंतीला टेकून बसायची ती जणू कुणी अंगातलं सगळं सत्त्व पिळून नेलंय.

अन् दिसायला? दिसायला काही म्हणजे काही नाही. गाल भरलेले, डोळे टवटवीत, ताप नाही, खोकला नाही, अंगावर साधी पुटकुळी नाही. नाक्यावरच्या डॉक्टरनं रक्त कमी म्हणून ताकदीच्या गोळ्या दिल्या. गोळ्या संपल्या, थकवा काही संपला नाही.

"काय होतंय नेमकं?" बानाबाई विचारायची.

"आत्या, सांगताच येत नाय वो. पायात मुंग्या... मुंग्या पण नाय. पाय माझा नसल्यागत."

"मंग कुणाचा हाय? माझा हाय का?"

हसण्यावारी गेलं तोवर ठीक होतं. पण रोज उठून तेच. नळाचं पाणी बानाबाईनं भरायचं, पोर बानाबाईनं सांभाळायची, अन् तरणीताठी सून भिंतीकडं तोंड करून पडलेली. साठीला आलेल्या बाईला राग येणार नाही तर काय! तिनं आपली पारख लावली. खालून वरून नीट बघितलं अन् निकाल दिला. अंगचोर. शहराचं वारं लागलं, दुसरं काही नाही. अन् एकदा बानाबाईनं निकाल दिला की तो फिरवायची सोय नव्हती.

ती गोष्ट घडली दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी. दसरा होऊनही ऊन हटायला तयार नव्हतं, पत्रा नुसता भाजत होता. सकाळी बानाबाईनंच तिला मीठ घालून कडक पाण्यात पाय ठेवून बसवलं होतं. थंडी भरलीय पायात, शेकलं की निघंल, हे तिचं औषध. शेकून झालं अन् वच्छला जी आडवी झाली ती उठेचना. दुपार झाली. मुंजाबाची दुसरी पाळी, डबा व्हायचा होता, पीठ परातीत तसंच सुकत होतं, मनी रडून रडून लाल झाली होती. बानाबाईनं चार हाका मारल्या.

"उठते, आत्या," एवढंच आलं भिंतीकडून, अन् पोरगी परत झोपली.

मुंजाबा रिकाम्या हातानं कामावर गेला. लेक उपाशी गेलेला बघून बानाबाईच्या मस्तकात तिडीक गेली. तिनं स्टोव्ह पेटवला. भाकरीसाठीच पेटवला होता, हे ती नंतर स्वतःला शंभर वेळा सांगणार होती. उलथणं जाळावर धरलं. टोक लाल झालं. वच्छलाचा डावा पाय सतरंजीबाहेर आला होता, तळवा वर. बानाबाईनं उलथण्याचं टोक तळव्याला टेकवलं.

चर्र झालं. वास आला. पाय हलला नाही.

आता खोटं कशाला सांगायचं! डोळ्याचं पातं लवतं तेवढा वेळ बानाबाईला कळलं होतं. शीर मेली. अख्खा जन्म ज्या खुणेवर काढला ती खूण समोर होती. पण मेंढराच्या बाबतीत जे खरं मानलं, ते सुनेच्या बाबतीत मानायचं तर एवढे दिवस केलेला छळ कुठं ठेवायचा? म्हणून तिनं तो विचार मुरगाळून टाकला अन् मोठ्यानं म्हणाली, "बघा बया, कशी मुजोर! चटका सोसंल, पण उठायची नाय."

ऐकायला मनी होती फक्त. ती रडायची थांबून आजीच्या हातातल्या उलथण्याकडं बघत होती.

दुसऱ्या दिवशी वच्छला तळवा धरून बसली होती. लिंबाएवढा फोड. "आत्या, हे कवा झालं वो? स्टोव्हवर पाय पडला का काय माझा? मला कसं कळलं नाय?" तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मला काय ठावं?" बानाबाई म्हणाली. "तुझा पाय, तुझं तुला ठावं."

एवढंच बोलली. पण एकदा तोंडातून गेलं ते गेलं. फोड फुटला, वच्छला अनवाणी नळावर जात राहिली, कारण तिला दुखतच नव्हतं. जखम चिघळली. महिनाभरानं मुंजाबा तिला नाक्यावरच्या डॉक्टरकडं घेऊन गेला. डॉक्टरनं सुई टोचून बघितली. एकदा, दोनदा, पाचदा. "कशानं झाली जखम?" वच्छला म्हणाली, "ठाऊक नाय." डॉक्टरनं मुंजाबाला बाजूला घेतलं अन् हळू आवाजात सांगितलं, बधिर पायाला आपोआप जखम होते म्हणजे एकदा कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या.

हळू सांगितलं, पण बाकड्यावर लाईनीतली एक बाई बसली होती. संध्याकाळपर्यंत बाराही खोल्यांना ठाऊक झालं. वच्छला नळावर गेली की हंडे सरकू लागले. खोलीमालक येऊन म्हणाला, लोक बोंबलतायत, संक्रांतीनंतर काहीतरी सोय बघा.

अन् घरात ताट वेगळं कुणी काढलं? बानाबाईनं. हो, तिनंच! जिला ठाऊक होतं की ती जखम कुठल्या रोगाची नाही, तिच्या उलथण्याची आहे. ताट वेगळं काढलं, तांब्या वेगळा केला, मनीला ओढून आपल्या कुशीत झोपवू लागली. कारण ताट वेगळं काढलं नसतं तर लेकानं विचारलं असतं, "माय, तुला भ्या कसं वाटत नाय?" मग काय उत्तर देणार होती ती? एका लबाडीला झाकायला दुसरी, दुसरीला तिसरी. वच्छलाच्या तळव्याकडं बघायची हिंमत नव्हती. अन् तरी तोंडाला कुलूप. रोज ठरवायची, उद्या सांगते. उद्या उजाडलं की तोंड उघडायचं ते "वच्छे, तो तांब्या तिकडं ठेव" म्हणायला.

एकच बाई होती, जिनं हंडा सरकवला नाही. शेजारची आशाबाई. तिचा नवरा मुंजाबाच्याच कारखान्यात. नवबौद्धाचं घर. सासऱ्यानं नामांतराच्या मोर्चात लाठ्या खाल्लेल्या, गावातलं घर अठ्ठ्याहत्तरच्या जाळपोळीत गेलेलं. खोलीत भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो अन् खाली जळणारी मेणबत्ती. बानाबाई तिच्याशी बोलायची गोड, पण दोन वर्षांत तिच्या घरचं पाणी प्यायली नव्हती. आशाबाईनं विचारलं की म्हणायची, "तहान नाय बाई." भर उन्हाळ्यातही हिला तहान नसायची, आता बोला!

आशाबाई वच्छलाच्या हंड्याला हंडा लावून उभी राहायची. कुणी टोकलं तर म्हणायची, "आमचा हंडा बाजूला सारणारी माणसं आमी पिढ्यान्‌पिढ्या पाह्यलीत. आता ते काम आमाला नका शिकवू."

शेवटी मुंजाबानं मामाला निरोप धाडला, लेकीला घेऊन जा. मनी इथंच राहील. पोरीला लागण नको. मुंजाबा तसा वाईट नव्हता, बायकोवर त्याचा जीव होता. पण त्याचा कणा आईपुढं कधी ताठ झाला नव्हता, अन् आई तर गप्प होती. वच्छलानं ऐकलं अन् फक्त एक विचारलं, "मनीला मला भेटायला आणाल ना?" मुंजाबा उठून बाहेर गेला.

कारभारी आला तो ऐन संक्रांतीच्या सकाळी. धोतर, मुंडासं, खांद्यावर घोंगडी. लेकीचं गाठोडं घेऊन दोघं शहरातल्या स्टँडवर गेली अन् दुपारी परत आली. शहरात ठिकठिकाणी पोलिसांच्या गाड्या, कुठं जल्लोष, कुठं तणाव, सिल्लोडवरून गावाकडं जाणाऱ्या गाड्या सुटणार की नाही कुणी सांगेना. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं होतं. वच्छला उंबऱ्याशी टेकली. स्टँडवरच्या गर्दीत उभं राहून तिच्या पायांत काही उरलं नव्हतं. मनी तिच्याकडं धावली. बानाबाईनं तिला दंडाला धरून मागं ओढलं.

तेवढ्यात आशाबाई आली. नवी निळी साडी, डोळे रडून सुजलेले अन् चेहरा हसरा. हातात पेढ्यांचं ताट.

"सोळा वर्षं लागली, वच्छे," ती म्हणाली. "सासरे असते तर नाचले असते. घे."

वच्छलानं हात पुढं केला नाही. ती सवयीनं म्हणाली, "त्या तिथं माझी ताटली हाय वैनी, त्यात टाका वरनं."

आशाबाईनं कोपऱ्यातल्या वेगळ्या ताटलीकडं पाहिलं, मग बानाबाईकडं. खाली बसली, पेढा मोडला अन् आपल्या हातानं वच्छलाच्या तोंडात घातला. ओठाला लागलेला तुकडा बोटानं आत सारला, अन् उरलेला अर्धा तिनं स्वतः खाल्ला.

लाईनभर संक्रांतीचं हळदीकुंकू चाललं होतं, पण बाकीच्या दहा खोल्यांतून एकही बाई तिळाचा दाणा घेऊन वच्छलाकडं आली नव्हती. बानाबाईला ते ठाऊक होतं. जी बाई परकी, जिच्या घरचं पाणी आपण पीत नाही, ती रोग आहे असं समजूनसुद्धा उष्टं खाते, अन् मी? मला तर ठाऊक आहे.

"रोग नाय तिला," बानाबाई म्हणाली.

सगळ्यांनी बघितलं.

"जखम रोगाची नाय. म्या केली. उलथणं तापवून डाग दिला, ती झोपली व्हती तवा. मला वाटलं नाटक करती. कारभारी, तुझ्या लेकीला म्या डागलं रे, अन् अडीच महिने तोंड दाबून बसले." ती भावाच्या पायाशी बसली. "हाण मला. पायतण काढ अन् हाण."

मुंजाबा भिंतीला चिकटला. कारभारी पायतण काढणार नव्हता. मेंढरांत जन्म काढलेला माणूस, त्यानं भलताच प्रश्न विचारला.

"अक्का, डाग दिला तवा ती हलली का?"

"नाय."

"अजिबात?"

"नाय रे."

"अन् मेंढरू हललं नाय तर आपण काय समजतो?"

बानाबाईनं तोंडात पदर कोंबला.

"बोल की! काय समजतो?"

"शीर मेली," ती म्हणाली.

"मंग त्याला खांद्यावर घालून आणतो का नाय? हातानं चारतो का नाय?" कारभारीचा आवाज फाटला. "मेंढरावर इश्वास ठेवलास, अक्का. माझ्या लेकीवर नाय ठेवलास."

वच्छला आपल्या तळव्याकडं बघत होती, पहिल्यांदाच बघितल्यासारखी. मग तिनं हात पसरले अन् मनी आजीचा हात सोडवून तिच्याकडं गेली. या खेपेला कुणी ओढलं नाही.

आशाबाईच म्हणाली, "रडणं मागनं करा. शीर मेली तर ती का मेली ते बघायला नको का? उद्या घाटीत चला. माझा भाऊ तिथं वॉर्डबॉय हाय."

घाटी म्हणजे शहराचा मोठा सरकारी दवाखाना. दुसऱ्या दिवशी शहर अजून दबकत होतं, रिक्षा मिळाली ती आशाबाईच्या नवऱ्याच्या ओळखीनं. कुष्ठरोगाची तपासणी पहिल्याच दिवशी झाली, तो नव्हता. मग एका तरुण डॉक्टरबाईनं वच्छलाला खाटेवर बसवून तासभर प्रश्न विचारले. डोळ्यापुढं धुकं आलं होतं का? मान वाकवली की वीज जाते का? गरम पाण्यानं अंघोळ केली की जास्त गळून जाता का? बाई विचारत होती अन् वच्छला रडत होती. जे जे ती सांगायची अन् लोक हसायचे, ते ते ही परकी बाई आधीच ओळखून विचारत होती.

"पायाची संवेदना कधीपासून गेली? नेमकं आठवतं?"

"नाय आठवत, डॉक्टरबाई. हळूहळूच..."

"दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी," बानाबाई दारातून म्हणाली. "दुपारच्याला. त्या दिवशी पक्की गेली व्हती."

"तुम्हाला कसं माहीत?"

मग ते सगळं पुन्हा सांगावं लागलं. वॉर्डातल्या आठ खाटा ऐकत होत्या. कडक पाण्याचा शेक, उलथणं, चर्र झालेलं, सगळं. डॉक्टरबाई लिहिता लिहिता थांबली, तिनं बानाबाईकडं एकदा बघितलं अन् परत लिहू लागली. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

पाठीतलं पाणी काढलं. डोक्याचा फोटो काढायला मुंबईला जावं लागलं, त्यात महिना गेला. आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. डॉक्टरबाईनं समजावलं, विजेच्या तारेवरचं वेष्टण जागोजागी झिजावं तसं मेंदूच्या अन् पाठीच्या कण्याच्या शिरांचं होतं. वरून काही दिसत नाही. कधी बरं वाटेल, कधी परत येईल, मुळातून जाणार नाही. थकवा हा आळस नव्हे, आजारच. अन् उष्णता अजिबात सोसणार नाही, शेक नको, कडक पाणी नको, पत्र्याखाली ऊन नको. "गरम केलं की त्या वेळेपुरता त्रास वाढतो. तुम्ही शेकत होतात ना?" बानाबाईनं मान हलवली. किती वेळा शेकलं ते तिनं सांगितलं नाही. रोज शेकलं होतं.

सलाइनमधून पाच दिवस औषध चाललं. पाचव्या दिवशी खाटेपाशी दोघीच होत्या. वच्छला छताकडं बघत बोलली.

"आत्या, मलाच वाटाया लागलं व्हतं, मी खोटी हाय. तुमी सगळे म्हणायचे ते खरंच असंल. पाय हाय, डोळा हाय, हात हाय, मंग मला काय झालंय? मी रोज देवाला म्हणायचे, माझं ढोंग सोडव." तिनं मान वळवून आत्याकडं बघितलं. "अन् तुला तवाच कळलं व्हतं."

लग्नानंतर सहा वर्षांनी तिच्या तोंडून 'तुला' आलं होतं.

"तुला त्या दुपारीच कळलं व्हतं, आत्या. सगळ्या दुनियेत तुला एकटीला. अन् तू म्हणालीस, तुझा पाय, तुझं तुला ठावं."

बानाबाईनं खाटेची पट्टी घट्ट धरली. माफी मागावी एवढी तरी आपली लायकी आहे का, असं तिला वाटत होतं. ती फक्त एवढं म्हणाली, "व्हय. कळलं व्हतं."

वच्छलानं डोळे मिटले. कारभारी लेकीला न्यायला पुन्हा आला, पण ती गेली नाही. मनीसाठी राहिली, हे तिनं बापाला बानाबाईसमोरच सांगितलं.

आता बजाजनगरातल्या त्या खोलीच्या पत्र्यावर उन्हाळ्यात ओलं पोतं टाकलेलं असतं. ते बानाबाई टाकते. नळाचं पाणी ती भरते. अंघोळीच्या पाण्यात आधी स्वतःचं कोपर बुडवून बघते अन् मग हाक मारते. लाईनीतली कुणी बाई म्हणाली, "बरी दिसते की आता सून, काम का करत नाय?" तर बानाबाई हंडा खाली ठेवून तिला असं काही सुनावते की ती बाई पुन्हा त्या वाटेला जात नाही. तहान लागली की आशाबाईच्या घरी पाणी मागून पिते. पण याचं कौतुक कुणी करू नये, तिला ते आवडत नाही.

अन् रोज संध्याकाळी ती वच्छलाचा डावा पाय मांडीवर घेते. तळव्यावर रुपयाएवढा व्रण आहे, गुळगुळीत अन् काळसर. कुठं खरचटलं का, काही रुतलं का, हे डॉक्टरबाईनं रोज बघायला सांगितलंय. बघून झालं की बानाबाई त्या व्रणावर आपला अंगठा दाबते, आधी हळू, मग जोरानं, अन् विचारते, "लागतंय का गं?"

पहिले काही महिने वच्छला म्हणायची, "नाय." कोरडं, तोंड फिरवून. अन् बानाबाई खाली मान घालून पायाला तेल लावायची.

एक दिवस, पुढल्या वर्षीचा चैत्र लागला होता, बानाबाईचा अंगठा व्रणावर होता अन् तिच्या डोळ्यांतलं पाणी टपकन त्या तळव्यावर पडलं. ते वच्छलाला कळायचं कारण नव्हतं. पण तिनं वाकून बघितलं. म्हाताऱ्या आत्याकडं बराच वेळ बघत राहिली.

"लागतंय," ती म्हणाली.

"खरं?"

"व्हय आत्या. थोडं थोडं लागतंय. तू दाबलंस ना, ते कळलं मला."

बानाबाईनं अंगठा आणखी रुतवला. नख उमटलं. तिची नजर पायावर होती, बोटांवर, घोट्यावर, पोटरीच्या शिरेवर. उभा जन्म तिनं हेच बघण्यात घालवला होता, अन् या बाबतीत तिला कुणी फसवू शकत नव्हतं.

पाय हलला नव्हता.

"बरं झालं बाई," बानाबाई म्हणाली अन् तेलाची वाटी जवळ ओढली. जिला तिनं वर्षभर ढोंगी म्हटलं होतं, ती पोर आज पहिल्यांदा ढोंग करत होती.